काजात खोवलेली लोंबी

न्यूझीलंडहून परत आलेली माणसं बर्फाचे डोंगर, गरम पाण्याची कुंडं आणि मेंढ्या यांचे फोटो दाखवतात. माझ्या फोनमध्ये एका म्हाताऱ्या बाईंच्या स्वेटरचा फोटो आहे, तोही हललेला. नातेवाईक तो बघतात, पुढे सरकवतात आणि विचारतात, "मेंढ्या कुठायत?" ज्यांनी ज्यांनी असं विचारलं, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. मेंढ्या होत्या. माझं लक्ष नव्हतं.

आमचं घर वसईचं, ख्रिस्ती आणि मूळचं शेतकऱ्याचं. आता शेती म्हणजे घरामागचा भाताचा एक तुकडा. चारही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या, तरी माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई त्या तुकड्यावर अजून हुकूम गाजवते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे आगेरा असतो. नव्या भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये न्यायच्या, त्यांवर आशीर्वाद घ्यायचा, आणि ती जुडी पुढच्या आगेरापर्यंत घराच्या दारावर टांगायची. पहिलं पीक देवाचं. बाकीचं आपलं, पावसाचं आणि उंदरांचं.

घरात प्रत्येकाला काही ना काही काम असतं, त्यामुळे गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यातली हुकमी गोष्ट फादरबाबांची. हे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, मिसरूड फुटायच्या वयात, ते पाद्री व्हायला बोटीनं दक्षिणेकडे गेले. तिथे किनाऱ्यावर मिशनऱ्यांची एक सेमिनरी होती. शिकवणारे सगळे गोरे, शिकणारे सगळे आपले. पहाटे घंटा, दिवसभर लॅटिन, अंगात पायघोळ झगा. आणि जेवताना, चालताना, जिना चढताना मौन. या मुलांचे खरोखर पाद्री होतील का, याबद्दल शिकवणाऱ्यांतच एकमत नव्हतं. लॅटिन शिकवायला फादर टॉम होते. ते न्यूझीलंडचे, गाईगुरांच्या घरातले. मौनाच्या बाबतीत सगळ्यांत कडक तेच.

पहिल्याच ऑक्टोबरात फादरबाबांना घरच्या आगेराची इतकी आठवण झाली की शेजारच्या शेतात शिरून त्यांनी न विचारता भाताची जुडी कापली आणि जेवणघराच्या दारावर टांगली. शेतकरी बोंबलत आला. रेक्टर म्हणाले, चोरी करणारा मुलगा उद्याच्या बोटीनं घरी जाईल. फादर टॉम उठले. झगा खोचून, कोयता घेऊन ते त्या शेतकऱ्याच्या शेतात उतरले. सोबत फादरबाबा. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून त्याचं भात कापून दिलं. परत येऊन टॉम रेक्टरांना म्हणाले, "लॅटिन मी याला शिकवीन. पहिलं पीक कुणाचं, ते हा शिकूनच आलाय." फादरबाबा राहिले, आणि पुढे पाद्रीही झाले.

पण त्याआधीच टॉम यांच्या छातीत आजार भरला आणि त्यांना मायदेशी पाठवायचं ठरलं. ते निघाले त्या आठवड्यात मुलांची मौनसाधना चालू होती. कुणाशी बोलायचं नाही, मानही वर करायची नाही. आणि हा नियम टॉम यांनीच घोटून घेतलेला. व्हरांड्यात मुलांची रांग, सगळ्यांच्या माना खाली, आणि समोरून टॉमचे बूट निघाले. फादरबाबा आयुष्यभर त्या बुटांचं वर्णन करायचे, कारण त्यांना तेवढंच दिसलं. आभार मानायचे राहून गेले. मात्र भाताची एक वाळकी लोंबी त्यांनी जपून ठेवली होती. ती झग्याच्या सगळ्यांत वरच्या काजात खोवून ते उभे होते. टॉमनं ती बघितली का? बूट समोर थांबले, असं ते कधी म्हणायचे. कधी म्हणायचे, छे, भास झाला असेल. मग युद्ध पेटलं, पत्रं बंद झाली. पुष्कळ वर्षांनी टॉम वारल्याचं कुणाकडून तरी कळलं.

लग्नकार्यात मी ही गोष्ट सांगतो तेव्हा बूट हमखास थांबतात. एकदा तर मी टॉमच्या डोळ्यांत पाणीही आणलं. माझी बहीण भर मांडवात म्हणाली, "दादा, फादरबाबांची मान खाली होती ना? मग पाणी कुणी बघितलं, तू?"

फादरबाबांच्या शेवटच्या आजारपणात आईनंच त्यांचं सगळं केलं. ते तिला म्हणाले होते, "त्यानं बघितलं की नाही, तेवढं कळायला हवं होतं." ते गेल्यावर मी आईला म्हटलं, "आता ते वरती टॉमना थेट विचारतील की."

"त्यांना कळेल रे," आई म्हणाली. "मला कधी कळायचं?"

म्हणून आमच्या मुलीनं, प्रीतीनं, ऑकलंडजवळ अल्बनीला घर घेतलं आणि आम्हां नवरा-बायकोला बोलावलं, तेव्हा आईनं दारावरची जुनी जुडी उतरवली, रुमालात बांधली आणि माझ्या हातात दिली. "ही टॉमच्या घरच्यांना दे. आभार सांग. आणि विचारून ये."

"आई, त्याला किती वर्षं झाली माहितीये?"

"मग आणखी उशीर करू नकोस."

ऑकलंड विमानतळ

प्रीतीनं फोनवर बजावून सांगितलं होतं, "पप्पा, खाण्यापिण्याचं, झाडापाल्याचं जे काही असेल ते डिक्लेअर करा. हीप्स ऑफ लोकांना, ढिगानं, दंड होतो इथे." मी इतका घाबरलो की चामड्याच्या चपलासुद्धा लिहिल्या. लिहायची राहिली ती फक्त सुकेळी, कारण ती बायकोच्या पर्समध्ये आहेत हे मला माहीतच नव्हतं. वसईची वाळवलेली केळी ती. एक गोंडस कुत्रा आला, लीनाच्या पर्सजवळ शांतपणे बसला आणि तिच्याकडे प्रेमानं बघत राहिला.

"अहो, किती गोड आहे बघा!" लीना त्याला कुरवाळायला वाकली.

तो सरकारी कुत्रा होता. सुकेळी गेली. भाबड्या चेहऱ्यामुळे दंड मात्र टळला, आणि तो चेहरा माझा होता असं लीना म्हणते.

मग माझा रुमाल उघडला गेला. काउंटरपलीकडे एक माओरी बाई होत्या. त्यांनी "किया ओरा" म्हणून हसून स्वागत केलं होतं, पण लोंब्या बघताच त्यांचं हसू मावळलं. टरफलासकट दाणा, म्हणजे रुजू शकणारं बी. ते देशात नेता येणार नाही. मी माझ्या इंग्रजीत आगेरा, फादरबाबा, टॉम, बूट असं सगळं सांगितलं. मागे रांग वाढत होती. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"माझे आजोबा मासेमारीला जातात ना," त्या म्हणाल्या, "पहिला मासा समुद्राला परत देतात. कितीही मोठा असू दे."

"मग तुम्हांला कळतंय!" मी आशेनं म्हटलं.

"कळतंय. पण तरी नेता येणार नाही. सॉरी, हं."

समोर मोठा डबा होता. सुकेळी त्यात धप्पकन पडली होती. जुडी मात्र बाईंनी दोन्ही हातांनी उचलली आणि अलगद आत ठेवली. मी रिकामा रुमाल घडी करून खिशात ठेवला. आईला यातलं काही कळवायचं नाही, असं ठरवून आम्ही बाहेर पडलो.

अल्बनी

अल्बनी म्हणजे नवी कोरी घरं, मॉल आणि शिस्तीत जाणाऱ्या बस. शेजारी अनवाणी दुकानात जातात, आणि आपण बूट घालून गेलो तर आपल्यालाच लाज वाटते. मी तीन दिवसांत जँडल्सवर आलो. जँडल्स म्हणजे आपल्या रबरी स्लीपर. पण जावई तसं म्हणू देत नाही.

टॉमच्या घरच्यांना शोधायचं कसं, हा प्रश्न होता. फादरबाबांकडून टॉमचं आडनाव आणि 'ते रापा' हे गावाचं नाव, एवढंच घरात उरलं होतं. प्रीतीनं संकेतला फोन केला. संकेत मूळचा पुण्याचा. दोघं एकाच वर्षी इथं शिकायला आलेली. आता तो ते रापाच्या दुधाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे.

"काका, अहो सोप्पंय," तो म्हणाला. "आमचे टँकर ड्रायव्हर रोज शेताशेतावर दूध गोळा करतात. कुणाची गाय आजारी आहे, कुणाची सून रुसून गेलीये, सगळं ठाऊक असतं त्यांना. आडनाव सांगा फक्त."

चौथ्या दिवशी त्याचा फोन. "सापडले! टॉम यांची पुतणी आहे. नोरा नाव. नव्वदीच्या पुढे आहेत, मुलासोबत राहतात. विसरायला होतं म्हणे त्यांना अधूनमधून. पण रविवारी दुपारी या म्हणालेत. एकदम मस्त जमलं. स्वीट अ‍ॅज!"

रविवार म्हणजे ऑक्टोबरचा पहिला. आमच्या आगेराचा दिवस. मी लीनाला म्हटलं, "बघितलंस? योग लागतो तो असा."

"योग लागलाय, पण हातात लोंब्या नाहीत," लीना म्हणाली. "मी फुगे तळते."

फुगे म्हणजे आमच्याकडे सणाला होणारे मैद्याचे तळलेले गोळे. प्रीतीच्या घरातला धुराचा भोंगा त्या दिवशी दोनदा वाजला.

ते रापाच्या पलीकडे

ऑकलंडमधून दक्षिणेला निघालं की डोळ्यांना हिरव्याशिवाय दुसरं काही लागत नाही. आपल्याकडे हिरवं म्हटलं की त्यात भात, केळी, चिंच, माडाची झावळी असे भेद असतात. इथे नुसतं गवत. इकडे गवत, टेकडीपलीकडे गवत, आणि त्यावर कुणीतरी काळ्या-पांढऱ्या गाई सांडल्यासारख्या. त्यांच्याकडे वसंत सुरू होता. आपल्याकडे कापणी आणि इथे पहिली पालवी, हे डोक्यात बसायला मला हॅमिल्टनपर्यंतचा वेळ लागला.

ते रापाला संकेत गाडीत बसला. कारखाना, मोठमोठी दुकानं, गाड्यांच्या शोरूम. एका गाद्यांच्या दुकानाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "टॉमच्या वडिलांचं शेत इथे होतं म्हणे. नंतर ते लोक आतल्या बाजूला सरकले." फादरबाबांच्या गुरूच्या जन्मभूमीवर गाद्यांचा सेल लागला होता. मी हात जोडले. प्रीती म्हणाली, "पप्पा, लोक बघतायत."

शेतावर पोचलो तेव्हा दार नोराबाईंच्या मुलानं उघडलं. पॅट त्याचं नाव. साठीचा, दणकट, पायांत मोजे, अंगात इस्त्रीचा शर्ट. आणि शर्टाच्या वरच्या काजात अडकलेली गवताची लांब पात.

लीना माझ्या कानाशी कुजबुजली, "गोठ्यातून तसेच आलेत बिचारे. गवत चिकटलंय, सांगा ना."

आता सांगायचं कसं, तेही इंग्रजीत? म्हणून मी सांगितलंच नाही. हात मिळवता मिळवता डाव्या हातानं ती पात हळूच उपटली, अंगणात टाकली आणि आपुलकीनं त्याचा शर्ट झटकून दिला.

पॅट शर्टाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. "ओ," एवढंच म्हणाला आणि आम्हांला आत घेतलं.

आत स्वयंपाकघराच्या खिडकीशी नोराबाई बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढऱ्याशुभ्र. निळा स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. आणि वरच्या काजात गवताची एक पात, नीट खोवलेली.

माझा हात खिशातल्या रुमालावर गेला आणि तिथेच राहिला.

आमच्या घरात लोंब्या दारावर टांगतात. सगळ्या वसईत तसंच टांगतात, पण अंगावर कुणी लावत नाही. काजात लोंबी खोवणारा मला ठाऊक असलेला माणूस एकच. एकाच सकाळी, एकाच व्हरांड्यात त्यानं ती खोवली होती.

"हे," मी स्वेटरकडे बोट दाखवलं. पुढचं इंग्रजी आलंच नाही.

"हे अंकल टॉमचं," नोराबाई म्हणाल्या. "ऑक्टोबरचा पहिला रविवार ना आज? आमच्या घरात सगळे लावतात. पॅट, तुझं कुठंय?"

पॅटनं माझ्याकडे बघितलं नाही, हे त्याचे उपकार. "पडलं वाटतं, मम," तो म्हणाला.

"मी पाडलं!" मी ओरडलोच. "मी उपटलं! मी आणून देतो!"

आणि बाहेर धावलो. अंगणापलीकडे चांगलं उंच गवत होतं, मध्ये फक्त एक बारीकशी तार. मी तारेवर हात टेकून वाकलो. पुढची गोष्ट लीना जास्त चांगली सांगते, कारण मला फक्त आकाश दिसत होतं. तारेत वीज होती, गाईंना पलीकडे ठेवण्यापुरती. मला तेवढी पुरली.

"काका!" संकेत धावत आला आणि हसू दाबत उभा राहिला. "काका, ठीक आहात ना? इथे कुठल्याही तारेला हात लावायचा नसतो हो!"

पॅटही मागून आला. मला उठवून बसवलं आणि अंगावरची माती झटकली. आपुलकीनं, मी त्याचा शर्ट झटकला होता तशीच. माझ्या मुठीत मात्र गवत आलं होतं. त्यातली एक पात त्यानं आपल्या काजात खोवली. दुसरी माझ्या.

नोराबाईंचं स्वयंपाकघर

चहा झाला. गरम स्कोन, म्हणजे तिकडचे भाजलेले छोटे पाव, त्यावर बोटभर लोणी. फुगे बघून नोराबाईंनी एक तोंडात टाकला, मग आणखी एक, आणि थाळी हळूच आपल्याकडे ओढून घेतली. मग मी विचारलं. मनाशी भाषण ठरवून आणलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "माझ्या आईनं विचारलंय, तुमच्या काकांनी ती लोंबी बघितली होती का?"

नोराबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. संकेतनं फोनवर सांगितलेलं आठवून मला धास्ती वाटली, की हेही विसरल्या असतील तर? पॅट काही बोलायला गेला. त्यांनी हातानं थांबवलं.

"टॉम घरी आला तेव्हा मी लहान होते," त्या म्हणाल्या. "आजारी होता. सगळे म्हणायचे, आशियात एवढी वर्षं घालवून काय मिळवलंस? ऑक्टोबर आला तसा एका रविवारी तो गवताची पात कोटाला लावून चर्चला, मिस्साला, निघाला. मी हसले. म्हटलं, अंकल, घोड्यानं खाल्लं तर? तेव्हा त्यानं मला सांगितलं. म्हणाला, माझी मुलं रांगेत उभी होती. मीच त्यांना शिकवलं होतं, बोलायचं नाही, वर बघायचं नाही. इतकं चांगलं शिकवलं, की एकही बोललं नाही. मी त्या नियमाला मनातल्या मनात शिव्या देत चाललो होतो. आणि एका मुलाच्या गळ्याशी भाताची काडी. मी थांबलो."

"थांबले?" मी विचारलं.

"थांबला. म्हणाला, तोंड उघडलं होतं मी. पण नियम माझाच होता." नोराबाईंनी स्वेटरवरची पात चाचपली. "म्हणून मग तो ती लावायचा. त्या मुलाला उत्तर द्यायचं राहिलं होतं ना."

लीना डोळे पुसत होती. प्रीतीही. मी उठलो आणि ज्यासाठी समुद्र ओलांडून आलो होतो ते नोराबाईंचे दोन्ही हात धरून सांगितलं, मराठीतच. माझ्या इंग्रजीत ते मावलं नसतं. त्यांनी मान डोलावली, जणू प्रत्येक शब्द कळला.

पण माझ्यातला शहाणा माणूस गप्प बसेना. थोड्या वेळानं म्हणालो, "फक्त एक आहे. आगेरा कापणीचा असतो. तुमच्याकडे ऑक्टोबरात कापायला काही नसतं. म्हणजे तसं पाहिलं तर हे उलटं..."

"हातात काय आहे तुमच्या?" नोराबाईंनी विचारलं.

"स्कोन. लोणी."

"मग गवतच खाताय. मधे गाय आहे एवढंच." पॅट मोठ्यानं हसला. नोराबाई पुढे म्हणाल्या, "टॉमला मी हेच विचारलं होतं. म्हणाला, हिवाळ्यानंतरचं पहिलं गवत हेच आमचं पहिलं पीक. तुमच्या आईला सांगा."

आईला! वसईत तेव्हा सकाळ होती, मिस्साला निघायची वेळ. प्रीतीनं माझ्या फोनवर व्हिडिओ लावला. फोन बहिणीच्या हातात, आणि समोर आई: ठेवणीतली साडी, मांडीवर ताज्या लोंब्यांची जुडी.

"लोंब्या दिल्यास का रे रॉबी?" तिचं पहिलं वाक्य.

मग मला सांगावंच लागलं. विमानतळ, कुत्रा, डबा. आई ऐकत होती. "दोन्ही हातांनी ठेवल्या म्हणतोस?"

"हो."

"त्यांच्याच देशात ना?"

"हो, आई."

"मग पोचल्या."

मी प्रीतीकडून फोन घेतला, नोराबाईंसमोर धरला आणि घसा खाकरला. आयुष्यभर सांगितलेल्या गोष्टीचा शेवट माझ्या हातात होता, आणि ऐकायला दोन खंड हजर होते. "आई, तर त्या दिवशी सकाळी व्हरांड्यात..."

"तू गप्प बस जरा," आई म्हणाली. "मला दिसतंय."

मी गप्प बसलो. नोराबाई काही बोलल्या नाहीत, आईही नाही. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. पण भाषा आडवी आली नाही. नोराबाईंनी फक्त स्वेटर जरा पुढे ओढून धरला. तेव्हा माझ्या हातून फोटो निघाला, तो हा. हात का हलला, ते आता सांगायला नको.

मग आईनं जुडीतून एक लोंबी ओढून काढली. आपल्या गळ्याशी हात नेला. तिथे काज नव्हतं. बहिणीकडे हात पसरून म्हणाली, "पिन दे गं." साडीच्या खांद्याला लोंबी लावली आणि तशीच चर्चला गेली. रस्ताभर बायकांनी विचारलं म्हणे, हे काय नवीन? तिनं कुणाला काही सांगितलं नाही. ते माझं काम.

परवा भाचीच्या लग्नात मी ही गोष्ट पुन्हा सांगितली. मौनसाधना आली, रांग आली, बूट आले, आणि बूट थांबले. सवयीनं मी बहिणीकडे बघितलं. पुढे सांग, अशी तिनं मान हलवली.